तेहतीसचे टायर घातले, आता क्राऊन-पिनियनचं काय?

मार्चच्या शेवटी शिंदखेड्याकडचे एक नाना जीप घेऊन माझ्या गॅरेजला आले. साक्री रोडला गाडी वळतानाच मला क्लचचा वास आला. नाना उतरले आणि म्हणाले, "भो, गाडी घाटमा चढतच नही. पहिला गेरमाच चालावनी पडस."

नाना दर उन्हाळ्यात धडगावहून आमचूर आणतात. चांदसैलीचा घाट, मागे गोण्या, वर एप्रिलचं ऊन. जुनी चार गेअरची जीप आहे, पाटे बदलून चार इंच उचललेली. पहिले टायर २३५/७५ आर १५ होते, ते काढून त्यांनी दुसऱ्या गावी ३३ इंची टायर घालून घेतले. लिफ्ट व्यवस्थित होती, टायर कुठे घासत नव्हते. डिफरन्शियलला, म्हणजे इंजिनाचा फेरा चाकांकडे वळवणाऱ्या एक्सलमधल्या गेअरच्या संचाला, मात्र कोणी हात लावला नव्हता. त्यातल्या मोठ्या दातेरी चक्राला क्राऊन म्हणतात आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्याला पिनियन. इंजिन, गेअरबॉक्स, क्लच सगळं तेच आणि चाक मात्र शंभर मिलिमीटरने मोठं. अशी गाडी घाटात रडणारच.

माझे वडील एसटीच्या वर्कशॉपात फिटर होते. त्यांचा डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं हत्यार, आजही माझ्या कपाटात आहे आणि डिफरन्शियलचं काम मी त्याच्याशिवाय करत नाही. हे काम कानाने आणि अंदाजाने करणारे हुशार मिस्त्री मी पाहिलेत. मीही तेवीस-चोविसाव्या वर्षी एकदा तसंच केलं होतं. ती जीप चारशे किलोमीटर चालली आणि कोंडाईबारीच्या घाटात पिनियनचे तीन दात तुटले. रात्री अकरा वाजता गाडीत एक म्हातारी आजी आणि दोन लेकरं होती. त्या रात्रीनंतर मोजल्याशिवाय मी एकही डिफरन्शियल बंद केलेलं नाही. तुम्ही हे काम स्वतः करा किंवा दुसऱ्याकडून करून घ्या, काय मोजायचं आणि का मोजायचं हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. म्हणून एवढं सविस्तर लिहितो.

एक गोष्ट सुरुवातीलाच. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीच्या मूळ मापांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं आहे. लिफ्ट आणि टायर दोन्ही त्यात येतात. आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारा, कागद करा. कागद आधी, पाना नंतर, हा माझ्या गॅरेजचा नियम आहे.

आधी हिशेब

क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, म्हणजे रेशो. ४७ ला ११ ने भागलं की ४.२७. ३९ ला ८ ने भागलं की ४.८८. जुन्या जीपांमध्ये ४३ आणि ८ ची जोडी असायची, तिचा रेशो ५.३८. आकडा जितका मोठा तितके प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे इंजिनाकडून एक्सलकडे येणाऱ्या दांड्याला, चाक फिरवायला जास्त फेरे मारावे लागतात आणि तितका ओढीचा जोर वाढतो.

तुमच्या गाडीत कुठला रेशो आहे ते कागदावर किंवा एक्सलवरच्या पट्टीवर विसंबून ठरवू नका. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत मधे कोणी काय घातलं असेल, सांगता येत नाही. मोजायची सोपी रीत अशी. मागचं एकच चाक जॅकने उचला, खाली घोडी लावा. दुसरं मागचं चाक जमिनीवरच राहू द्या आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. गाडी न्यूट्रल करा. जुन्या जीपांत हँडब्रेक ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या शाफ्टला जोर वाटणाऱ्या डब्याच्या) मागे शाफ्टवर असतो, तो सोडायला विसरू नका, नाहीतर शाफ्ट हलणारच नाही. आता शाफ्टवर आणि टायरवर खडूने खूण करा. लॉक नसलेल्या साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक स्थिर असताना दुसरं चाक दोन फेरे फिरवलं की केजचा, म्हणजे क्राऊन ज्यावर बसतो त्या पिंजऱ्याचा, एक फेरा होतो. म्हणून चाकाचे वीस फेरे मोजा, म्हणजे केजचे दहा झाले. तेवढ्यात शाफ्टचे ४२ पूर्ण आणि वर पाऊण फेऱ्याला थोडे कमी झाले, तर रेशो ४.२७. फक्त दोन फेऱ्यांवर मोजलं तर ४.१० आणि ४.२७ मधला फरक कळतच नाही. एक माणूस चाकाजवळ, एक गाडीखाली आणि दोघांनी मोठ्याने मोजायचं.

मग टायर. टायरवर ३३ लिहिलं म्हणजे गाडीखाली ३३ इंच असतातच असं नाही. वजनाने टायर दबतो. म्हणून सपाट जागेवर, नेहमीची हवा भरून, टायरला खडूची खूण करून गाडी सरळ तीन फेरे ढकला आणि जमिनीवरचं अंतर टेपने मोजा. नानांच्या घरी जुने टायर पडले होते, ते मागवून घेतले आणि दोन्ही मोजले. जुन्यावर तीन फेऱ्यांना ६.७० मीटर, नव्यावर ७.६६ मीटर. ७.६६ ला ६.७० ने भागलं की १.१४३. त्याला ४.२७ ने गुणलं की ४.८८. इतकं जुळणारं उत्तर दर वेळी येत नाही, पण नानांचं आलं.

जुने टायर फेकून दिले असतील तर छापील मापावरून काढा. २३५/७५ आर १५ म्हणजे २३५ चे ७५ टक्के दोनदा, म्हणजे साडेतीनशेच्या वर दोन मिलिमीटर, आणि १५ इंचाची रिम ३८१ मिलिमीटर. बेरीज ७३३. तेहतीस इंच म्हणजे ८३८. गुणोत्तर तेच येतं.

या फरकाचा अर्थ काय ते नानांना मी असा सांगितला. ताशी ८० ला, वरच्या थेट गेअरमध्ये, जुन्या टायरवर तुमचं इंजिन मिनिटाला २,५५० च्या आसपास फिरत होतं. नव्या टायरवर तेच २,२३० झालं. म्हणजे ४.२७ चं डिफरन्शियल असून गाडी ३.७४ असल्यासारखी वागायला लागली. सपाटीवर हे कदाचित बरं वाटेल, इंजिन शांत वाटेल. पण घाटात इंजिनाला जिथे जोर असतो त्याच्या खाली ते घसरतं, तुम्ही गेअर उतरवता, पहिल्यात अर्धा क्लच धरून चढता, आणि क्लच प्लेट जळते. शिवाय स्पीडोमीटर खोटं बोलतं. काटा ७० दाखवत असेल तेव्हा गाडी खरी ८० ने पळते. ज्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल ट्रान्स्फर केसवरून निघते, त्यांत रेशो बदलल्यावर काटा आपोआप पुन्हा खरा होतो. नानांच्या जीपचं तसंच झालं.

३१ इंची टायर असते तर हिशेब ४.५८ चा आला असता. अशा वेळी ४१ आणि ९ ची जोडी मिळाली तर ती ४.५६, एकदम चपखल. ती न मिळाल्यास मी गिऱ्हाईकाला विचारतो, गाडी जाते कुठे? रोज धुळे-सुरत रोडवर रिकामी पळणारी गाडी असेल तर ४.२७ राहू द्या. तोरणमाळ, धडगाव, पालचं जंगल, मागे ट्रेलर असं असेल तर ४.८८ घाला. इंजिन थोडं जास्त फिरेल, डिझेल थोडं जाईल, क्लच वाचेल. दोन आकड्यांच्या मध्ये अडकलात तर वजनाची आणि चढाची गाडी वरच्या आकड्याला न्या, हे माझं मत आहे.

एक तोटाही सांगितला पाहिजे. ११ दातांच्या पिनियनपेक्षा ८ दातांचं पिनियन डोक्याला लहान असतं आणि त्याचे एका वेळी कमी दात क्राऊनला भिडतात. ताकद थोडी कमी होते. फोर बाय फोर लो मध्ये दगडांवर चाक अडकलेलं असताना जोरात पाय देणाऱ्या माणसाने हे लक्षात ठेवावं.

काय आणायचं

फोर बाय फोर असेल तर पुढचं आणि मागचं दोन्ही बदलायचं. नुसतं मागचं बदलून "फोर बाय फोर लावतच नाही" म्हणणारे भेटतात. एक दिवस चिखलात रुतल्यावर लावतातच. पुढचा आणि मागचा रेशो वेगळा असला की दोन्ही शाफ्ट एकमेकांशी भांडतात आणि कडक जमिनीवर ट्रान्स्फर केस फुटते.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात, दोन्हीवर एकच जोडी-नंबर कोरलेला असतो. नंबर जुळत नसेल तर दुकानातून उचलू नका. भंगारातली जुनी जोडीसुद्धा नंबर जुळवूनच घ्या, आणि तिचे दात एका बाजूने चकचकीत घासलेले असतील तर तीही नको. पुढच्या एक्सलला काही गाड्यांमध्ये उलट्या कापाचे दात असतात. तिथे मागची जोडी बसत नाही, म्हणून जुना नमुना सोबत न्या. केजचंही बघा. काही एक्सलमध्ये ठराविक रेशोच्या वर केजच बदलते. डाना ४४ नावाच्या एक्सलमध्ये ३.७३ पर्यंत एक केज आणि ३.९२ पासून वर दुसरी. नानांचं ४.२७ वरून ४.८८ ला जात होतं म्हणून केज तीच चालली.

बेअरिंगं नवी घ्या. पिनियनची दोन, केजची दोन, सील, क्राऊनचे बोल्ट, पिनियनचा नट, शिमांचा (जागा जुळवायच्या पातळ चकत्यांचा) संच. सगळं उघडून जुनी बेअरिंगं परत घालणं म्हणजे लग्नाचा खर्च करून मांडव उसना आणणं.

हत्यारांत डायल गेज चुंबकी स्टँडसकट, बेअरिंग पुलर, प्रेस, शिम मोजायला मायक्रोमीटर, टॉर्क पाना आणि ठसा, म्हणजे दात दातावर नेमका कुठे टेकतो त्याची खूण, बघायचा रंग लागतो. रंग म्हणून निळा प्रुशियन ब्ल्यू चालतो, पण पिवळ्या मार्किंग पेस्टवर ठसा जास्त स्पष्ट दिसतो. आणि एक साधी वस्तू, कापूस मोजायचा छोटा ताणकाटा. तो कशाला ते पुढे येतं.

आणखी एक युक्ती वडिलांची. जुनी बेअरिंगं फेकू नका. त्यांचं आतलं भोक घासून इतकं सैल करा की ती हाताने पिनियनवर चढतील आणि उतरतील. चाचणीसाठी हीच वापरायची. शिम पाच वेळा बदलावी लागते आणि दर वेळी नवं बेअरिंग प्रेसने काढलं तर तेच खराब होतं.

उघडताना

ऑईल काढा आणि बादलीत नीट बघा. चुंबकावर करडा लेप असणं नेहमीचं आहे. किसासारखे तुकडे किंवा चकती निघाली तर ती कुठून आली ते शोधूनच पुढे जा.

एक्सल शाफ्ट ओढा, प्रोपेलर शाफ्ट सोडा, कव्हर काढा. आता थांबा. जुन्या जोडीचा प्ले, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेजने मोजून लिहून ठेवा, जमलं तर जुना ठसाही घ्या. मग केजच्या बेअरिंगवरच्या दोन टोप्यांना पंचाने खुणा करा, डाव्याला एक ठिपका, उजव्याला दोन. या टोप्या हौसिंगवर, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या कवचावर, बसवूनच कापलेल्या असतात. डावी उजवीकडे गेली किंवा उलटी बसली तर बेअरिंग कधीच सरळ बसत नाही. डाव्या-उजव्या शिमाही वेगळ्या पिशव्यांत ठेवा. केज बाहेर येताना वजनदार असते, खाली हात किंवा पाय ठेवू नका.

क्राऊनचे बोल्ट आडवे-तिरपे थोडे थोडे सोडा. काही एक्सलमध्ये त्यांना उलटे आटे असतात, त्यामुळे पहिला बोल्ट हलत नसेल तर पाइप लावून जोर देण्याआधी आटे तपासा. नव्या क्राऊनच्या बसण्याच्या पृष्ठावर आणि केजवर बारीक दगड फिरवा. केसाएवढी कड राहिली तरी क्राऊन वाकडा फिरतो. क्राऊन बोल्टनी ओढून बसवू नये. तो गरम करून हाताने चढवावा. बोल्टला लॉकिंग द्रव लावून गाडीच्या पुस्तकातल्या टॉर्कला तिरपे आवळा.

पिनियनची खोली

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तो द्यावा.

पिनियनच्या डोक्यावर अधिक-उणे आकडा कोरलेला असतो. डाना पद्धतीच्या एक्सलमध्ये अधिक म्हणजे पिनियन क्राऊनच्या मध्यापासून तितकं लांब हवं, उणे म्हणजे तितकं जवळ. नानांच्या जुन्या पिनियनवर +२ होतं, नव्यावर −१. फरक तीन थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). आतल्या बेअरिंगच्या कपाखाली, म्हणजे बाहेरच्या कड्याखाली, शिम असते, ती वाढवली की पिनियन क्राऊनकडे सरकतं. म्हणून जुन्या शिमेच्या जाडीत तीन थाऊ, म्हणजे साधारण ०.०८ मिलिमीटर, वाढवले आणि सुरुवात केली. ही फक्त सुरुवात असते. खरं काय ते ठसा सांगतो.

या पद्धतीत कपाखालची शिम जितकी वाढवाल तितकीच पिनियनच्या दांड्यावरची प्रीलोडची, म्हणजे बेअरिंगला आधीच द्यायच्या ताणाची, शिमही वाढवा, नाहीतर बेअरिंग घट्ट होऊन जळेल.

आता चाचणीचं बेअरिंग घालून पिनियन बसवा, नट इतकाच आवळा की पिनियनला मागे-पुढे हलायला वाव राहणार नाही. केज बसवा, टोप्या आवळा. डायल गेजचा काटा क्राऊनच्या दाताच्या बाहेरच्या टोकावर काटकोनात टेकवा, पिनियन धरून ठेवा आणि क्राऊन हलवा. नव्या जोडीला प्ले साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असावा, तुमच्या जोडीसोबतच्या कागदावर वेगळा दिला असेल तर तो. चार ठिकाणी मोजा. कुठल्याही दोन ठिकाणांत ०.०५ पेक्षा जास्त फरक आला तर क्राऊनखाली कचरा आहे किंवा केज वाकलेली आहे. प्ले जास्त असेल तर क्राऊनच्या बाजूच्या शिमेत भर घालून दुसऱ्या बाजूची तेवढीच कमी करा, कमी असेल तर उलट. तीन थाऊ शिम हलवली की प्ले सुमारे दोन थाऊने बदलतो.

मग रंग. क्राऊनच्या तीन ठिकाणी चार-पाच दातांना दोन्ही बाजूंनी पातळ थर द्या. एकाने क्राऊनला लाकडाचा तुकडा दाबून ओझं द्यायचं, दुसऱ्याने पिनियन पान्याने फिरवायचं, पुढे आणि मागे. ओझं दिलं नाही तर ठसा उमटत नाही, नुसता रंग फिसकटतो.

ठसा वाचताना आधी फक्त वर-खाली बघा. तो दाताच्या माथ्याकडे चढलेला असेल तर पिनियन लांब आहे, शिम वाढवा. बुडाकडे उतरलेला असेल तर पिनियन जास्त आत शिरलंय, शिम काढा. माथा आणि बूड यांच्या मधोमध आला की खोली बरोबर. मग आडवं बघा. बाहेरच्या टोकाकडे गेला असेल तर क्राऊन पिनियनजवळ आणून प्ले कमी करा, आतल्या टोकाकडे असेल तर प्ले वाढवा. पण आडव्यासाठी उभ्याचा बळी देऊ नका. ठसा मधोमध असून टोकाकडे थोडा झुकला तर चालतं, माथ्यावर बसलेला ठसा कधीच चालत नाही. आणि पिनियन हललं की प्ले बदलतो, म्हणून दर वेळी आधी प्ले पुन्हा जागेवर आणून मगच नवा ठसा घ्या.

नानांच्या मागच्या डिफरन्शियलचा पहिला ठसा माथ्यावर होता. पाच थाऊ वाढवले तर तो बुडाला गेला. त्यातले दोन काढले आणि ठसा मधे आला, मिटल्या पापणीसारखा लांबट, कडा विरलेल्या. सुरुवातीला मोठी उडी घ्या म्हणजे तुम्ही कुठल्या बाजूला आहात ते कळतं. एकेक थाऊने सरकत बसलं तर दिवस जातो आणि ठशातला फरक डोळ्याला दिसतही नाही. पुढच्या एक्सलला मला पाच वेळा उघडावं लागलं. संध्याकाळी साडेसातला नाना म्हणाले, "राहू दे ना भो, चाली जाई." मी दिवा लावला आणि सहावा ठसा घेतला.

प्रीलोड आणि ताणकाटा

खोली ठरली की चाचणीची बेअरिंगं काढून नवी प्रेसने बसवा. कप तळाला टेकला का ते ठोकण्याच्या आवाजावरून कळतं, तो भरीव होतो. आता पिनियनचा नट पूर्ण टॉर्कला आवळून, सील न घालता, पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते मोजायचं. डाना ४४ ला नव्या बेअरिंगवर २० ते ४० इंच-पाउंड, म्हणजे साधारण २३ ते ४६ किलो-सेंटिमीटर.

असा बारीक टॉर्क पाना प्रत्येकाकडे नसतो. वडील फ्लँजवर सुतळी गुंडाळायचे, टोकाला ताणकाटा अडकवून हळू ओढायचे. सुतळी मध्यापासून पाच सेंटिमीटरवर असेल तर पिनियन फिरत असताना काट्यावर साडेचार ते नऊ किलो दिसले पाहिजेत. मी सहा-सातला थांबतो. काटा सुटताना जो झटका दाखवतो तो धरू नका, सारखं फिरत असतानाचा आकडा धरा. कमी आला तर प्रीलोडची शिम काढा, जास्त आला तर वाढवा. ज्या एक्सलमध्ये शिमेऐवजी चेपणारी कॉलर असते, तिथे नट थोडा थोडा आवळत दर वेळी मोजा. मर्यादेच्या पुढे गेलात तर नट मागे फिरवून भागत नाही. कॉलर टाकून द्या आणि नवी घाला.

केजच्या बेअरिंगलाही ताण हवा. केज हाताने सहज आत गेली तर शिमा कमी आहेत. मऊ हातोडीने शेवटचा भाग ठोकत बसवावी लागली पाहिजे. दोन्ही बाजूंना सारखी भर घाला, म्हणजे प्ले हलणार नाही. नव्या बेअरिंगांवर शेवटचा प्ले आणि शेवटचा ठसा पुन्हा घ्या. ही पायरी गाळणारे बरेच आहेत, आणि त्यांच्याच गाड्या पंधरा दिवसांनी गुणगुणत परत येतात.

ऑईल, ब्रीदर आणि पहिले आठशे किलोमीटर

पिनियन क्राऊनच्या मध्याच्या खाली बसतं, त्यामुळे दात एकमेकांवर लोळतात तसे घसरतातही. म्हणून जीएल-५ दर्जाचंच ऑईल हवं. गाडीच्या पुस्तकात परवानगी असेल तर आमच्या ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात, वजन वाहणाऱ्या गाडीला मी ८५डब्ल्यू-१४० घालतो, एरवी ८०डब्ल्यू-९०. लिफ्ट करताना मागचं हौसिंग वरच्या बाजूला फिरवलं असेल तर भोकापर्यंत भरूनही पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला ऑईल कमी पोचू शकतं. गाडी सपाट उभी करून भरा आणि हौसिंग फार फिरवलं असेल तर थोडं वर भरायची सोय करा. ब्रीदरची, म्हणजे हौसिंगमधली हवा आत-बाहेर जाणारी, नळीही उंच न्या. गरम हौसिंग नदीच्या पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि खालच्या ब्रीदरमधून पाणी ओढून घेते. पावसाळ्यात पांझरा किंवा बुराई ओलांडणाऱ्या गाडीत मी पांढरं, ताकासारखं झालेलं ऑईल कितीदा काढलंय.

नवी जोडी पहिल्यांदा चालते तेव्हा दात एकमेकांना घासून बसतात आणि खूप तापतात. तेव्हा दामटलं तर दाताचं पाणी उतरतं, म्हणजे पोलाद मऊ पडतं. ते पुन्हा कधी भरून येत नाही. मी आग्रा रोडने सोनगीरपर्यंत नेतो, वीसेक किलोमीटर, साठच्या आत, वेग कमी-जास्त करत. तिथे गाडी सावलीत लावायची आणि हौसिंग पूर्ण थंड होईपर्यंत थांबायचं. तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानांतून फिरा, चहा घ्या, पण हौसिंगला हात लावून ते गार लागेपर्यंत निघू नका. परत येऊन पुन्हा थंड करा. असं दोन-तीनदा. पुढचे आठशे किलोमीटर ट्रेलर नाही, गोण्या नाहीत, घाटात दामटणं नाही. नानांना हे सगळ्यात जड गेलं, आमचुराचा हंगाम तोंडावर होता. त्यांनी पहिली फेरी भाच्याच्या पिकअपने केली.

या काळात आवाज ऐका. पाय देताना बारीक शिट्टी आणि पाय सोडल्यावर बंद, किंवा उलट, म्हणजे दातांचा ठसा चुकला. वेगाप्रमाणे वाढणारी घरघर बेअरिंगची. ठराविक वेगाला येणारी थरथर बहुतेक वेळा डिफरन्शियलची नसतेच, लिफ्टमुळे प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढलेला असतो आणि क्रॉस, म्हणजे शाफ्टचा सांधा, तक्रार करतो. त्यासाठी डिफरन्शियल पुन्हा उघडू नका. ब्रेकही तपासा. मोठं चाक थांबवायला जास्त जोर लागतो आणि लिफ्टनंतर ब्रेकच्या रबरी नळ्या ताणलेल्या राहतात.

आठशे झाले की ऑईल बदला. चुंबकावर करडा लेप थोडा जास्त असेल, तो पहिल्या वेळचा नेहमीचा. टोचणारी किस सापडली तर पुन्हा उघडायचं.

शेवटचे आकडे लिहून ठेवा आणि एक प्रत गाडीत ठेवा. दहा वर्षांनी जो कोणी हे हौसिंग उघडेल त्याला त्यांची गरज पडेल. नानांच्या जीपचं पान असं आहे. मागे ३९/८, खोलीची शिम जुन्यापेक्षा सहा थाऊ जास्त, प्ले ०.२०, ताणकाट्यावर साडेसहा किलो. पुढे ३९/८, प्ले ०.१८, ताणकाट्यावर सहा. चांदसैलीचा चढ दुसऱ्या गेअरमध्ये, सहा गोण्यांसकट.